पायताणासकट वजन

कागल,
५ ऑगस्ट २०२४

चि. वर्षाराणी,

आशीर्वाद आहेतच. राग आला म्हणून ते मी परत घेत नाही.

फोनवर बोलायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. परवा तू ओरडलीस, मी ओरडले, माझ्या कानांना त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही आणि गल्लीला मात्र सगळं ऐकू गेलं. शेजारची धोंडुबाई सकाळी दारात हजर. "आक्का, भाचीला इस्पितळातनं काडली म्हनं?" काढली नाही, स्वतःच्या पायानं बाहेर पडली, हे सांगताना मला जास्त लाज वाटली. पत्राचं त्या मानानं बरं असतं. ते मधेच आपटून ठेवता येत नाही.

तर आता मला समजेल असं सांग. अकरा वर्षं आयसीयूत काढलीस. व्हेंटिलेटरवरची माणसं ओढून परत आणलीस. मोठे डॉक्टर तुला विचारल्याशिवाय पेशंट हलवत नव्हते, असं तूच सांगायचीस आणि मी ते कागलभर सांगत फिरायची. ते सगळं सोडून तू डायलिसिसला गेलीस! तिथं काय करायचं असतं? माणूस यंत्राला जोडायचा आणि चार तास घड्याळ बघायचं. मी छत्तीस वर्षं सरकारी इस्पितळात घालवली, त्यातली एकवीस ऑपरेशन थिएटरात. आमच्या वेळी ज्या सिस्टरला काहीच झेपायचं नाही तिला केसपेपर फाडायला बसवत. आता डायलिसिसला बसवत असतील. विहिरीवरच्या मोटारीला राखण बसलीस म्हण की.

दुसरं. जुलैत माझे रिपोर्ट आले ते तू पाहिलेस. दोन्ही मूत्रपिंडं संपत आली आहेत, आताच हाताची शीर जोडून घ्या, पुढं डायलिसिसच्या सुया तिथं घालता येतील, असं डॉक्टर म्हणाला. मी तोंडावर नाही म्हणून आले. आठवड्यातनं तीनदा दुसऱ्याच्या हातात हात देऊन पडून राहणं मला जमणार नाही. जेवढं आहे तेवढं जगेन. यानंतर पंधरा दिवसांत तू बरोबर त्याच विभागात गेलीस. मला काय दूधखुळी समजतेस? माझ्यासाठी सापळा लावून बसली असशील तर उठ आणि परत आयसीयूत जा.

आत्या

---

कोल्हापूर,
११ ऑगस्ट २०२४

आत्या,

साष्टांग नमस्कार. माझे गुडघे चांगले आहेत, त्यामुळं घालायला जड गेलं नाही.

स्वतःला फार समजू नकोस. मी तुझ्यासाठी डायलिसिसला आलेले नाही. अर्ज मी मे महिन्यातच दिला होता, तुझं रक्त तपासायच्या आधी. बाबांना विचार, त्यांना माहीत आहे. तुला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही, आणि बहिणीला इतका भिणारा माणूस मी जिल्ह्यात दुसरा बघितला नाही.

आता कारण सांगते. एप्रिलमध्ये महाद्वार रोडला साडीच्या दुकानात माझ्या शेजारी एक बाई पदर बघत उभी होती. ही बाई एकोणीस दिवस माझ्या खाटेवर होती. तिचे केस मी विंचरले, तिच्या घशातला कफ मी ओढला, तिला कुशीवर वळवता वळवता माझी कंबर गेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ओ ताई, जरा सरका की." आत्या, तिची चूक नव्हती. ती बेशुद्ध होती. पण माझे सगळेच पेशंट बेशुद्ध असतात. एकतर मरतात, नाहीतर शुद्धीवर आले की वॉर्डात जातात आणि तिथल्या सिस्टरला पेढे देतात. अकरा वर्षांत मला नावानं ओळखणारा एक माणूस उरला नाही. त्या मोठेपणाचं मी काय करू, लोणचं घालू?

इथं तीच माणसं वर्षानुवर्षं येतात, बोलतात, भांडतात. मला ते हवं होतं.

आणि मोटारीच्या राखणीबद्दल तू बोलूच नकोस. छत्तीस वर्षं लोकांना 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही' म्हणून दरडावणारी सिस्टर, आणि स्वतः गुडघे दुखतात म्हणून चार वर्षं दुकानातनं पाकिटंच्या पाकिटं आणून खाल्लीस. मूत्रपिंडं त्यानंच गेली. आता शीर जोडायला नाही म्हणतेस. का, ते धड कारण तरी दे. 'जमणार नाही' हे कारण पेशंट देतात, सिस्टर नाही.

हात करून घे, आत्या. शीर तयार व्हायला दोन महिने लागतात. ऐनवेळी धावपळ झाली तर मानेत नळी घालावी लागते, हे तुला मी सांगायला नको.

वर्षा

---

कागल,
१७ ऑगस्ट २०२४

चि. वर्षाराणी,

आशीर्वाद, जरा हात आखडून.

गोळ्यांचं बोललीस ते बरोबर आहे. 

तुझं कारण वाचलं. लोकांनी ओळखावं म्हणून नर्सिंग करतात हे मला नवीन आहे. तसं असेल तर निवडणुकीला उभी राहा, चौकात फलक लागतील. आणि खरं सांगू? तू माझ्यासाठी गेली नाहीस हे वाचून बरं वाटायला पाहिजे होतं. तेवढं वाटलं नाही. ते जाऊ दे.

हाताचा विषय पत्रात काढायचा नाही. पाय सुजतात, तोंडाला चव नाही, बाकी मी ठणठणीत आहे. त्या तुझ्या यंत्रांच्या खोलीत काय चालतं ते लिहीत जा. मला टवाळीला काहीतरी हवं असतं, आणि धोंडुबाईची टवाळी करून करून कंटाळा आला.

आत्या

---

कोल्हापूर,
३ सप्टेंबर २०२४

आत्या,

तुला टवाळी हवी ना, मग घे भरपूर.

दहा खाटा, दहा यंत्रं. पेशंट आला की आधी वजनकाट्यावर चढवायचं. लघवी होत नाही, त्यामुळं मागच्या खेपेपासून जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी अंगात साठलेलं असतं. तेवढंच यंत्रानं चार तासांत ओढायचं. कमी ओढलं तर दम लागतो, जास्त ओढलं तर पायात गोळे येतात आणि बीपी पडतं. सगळा खेळ त्या वजनावर. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी प्या म्हणून आम्ही कंठशोष करतो, आणि माणसं दोन दिवसांत चार-चार किलो वाढवून येतात.

तुमच्या कागलचेच एक सयाजीराव आहेत, जुने गुळव्या. हयात गुऱ्हाळावर गूळ उतरवण्यात गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहिल्या पाळीला येतात. साडेतीन किलो वाढले म्हणून मी खडसावलं, तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, आईच्यान सांगतो, पानी घोटभर बी पीत न्हाय." मग वजन कसं वाढलं? "रस्सा पितो की! तांबडा दोन वाट्या, पांढरा दोन वाट्या. त्ये जेवान झालं, पानी कुठं?" शेजारच्या खाटेवरचे दोघं माना डोलवायला लागले. कोल्हापुरात रस्सा पाण्याचा होत नाही असं इथल्या दहाच्या दहा पेशंटांचं मत आहे.

भेटायला येणारे त्याहून शहाणे. आजारी माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून शहाळी घेऊन येतात. शहाळ्यातलं पोटॅशियम या लोकांना विषासारखं आहे, हृदय बंद पडू शकतं. एका बाईंचा भाऊ चार शहाळी घेऊन आला. मी काढून घेतली तर म्हणतो, "पावणं म्हनून आलोय, बहिनीला पानी बी पाजू देईनात!"

आणि माझ्या वरची साहेबीण कोण, तर सुष्मिता. तेवीस वर्षांची टेक्निशियन, निपाणीकडची. पहिल्याच दिवशी मला म्हणते, "मॅडम, वजन करताना जवळ उभ्या राहा हं, लोक काय बी अंगावर घेऊन चढत्यात." मी हृदय बंद पडलेली माणसं चालू केली आहेत, आणि ही मला वजनकाटा शिकवतेय. मी नुसती हसले.

हे पत्र सयाजीरावांच्याच हाती देते. आढेवेढे घेत नाहीत, सरळ खिशात टाकतात. पोस्टापेक्षा बरे.

आणि तुझी सूज कुठवर आली आहे? घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत? हा हाताचा विषय नाही, पायाचा आहे.

वर्षा

---

कागल,
९ सप्टेंबर २०२४

चि. वर्षाराणी,

पोटरीपर्यंत. पायाचाही विषय आता संपला.

तुझा पोस्टमन चांगला आहे. पत्र देतो आणि उंबऱ्यात बसून अर्धा कप चहा घेतो. अर्धाच घेतो, तेवढी तुझी शिकवण लागली असावी. नवीन कापशी पायताण घेतलंय त्यानं, जाड तळाचं, चालताना कर्रकर्र वाजतं. पायातनं काढायला तयार नसतो. देवळातनं एक जोड चोरीला गेला म्हणे, तेव्हापासून कुणावर विश्वास नाही.

त्या निपाणीच्या पोरीला सांग, वजनकाटा आमच्याकडं बाजारात भाजीवालीसुद्धा चालवते. कालची पोरं अनुभवी सिस्टरला शिकवायला लागली! आमच्या थिएटरात एक नवा टेक्निशियन असाच शहाणपणा करत होता, आठ दिवसांत गप बसवला. तूही बसव. मान एकदा सोडलास की परत मिळत नाही.

आत्या

---

कोल्हापूर,
२१ सप्टेंबर २०२४

आत्या,

गुरुवारी तुझ्या पोस्टमननं आमचा घाम काढला. तिसरा तास चालू असताना पायात गोळे आले म्हणून ओरडायला लागले, बघते तर बीपी पन्नासवर. डोळे फिरवले. मी यंत्राचं पाणी ओढणं बंद केलं, पाय वर घेतले, सलाईन सोडलं, पाच मिनिटांत माणूस बोलायला लागला. आयसीयूचा हात आहे, वाया जात नाही. ती सुष्मिता नुसती बघत उभी होती.

कारण काय, तर सकाळी बीपीची गोळी खाऊन आले होते. डायलिसिसच्या सकाळी ती गोळी खायची नाही, शंभरदा सांगितलंय. पण ऐकतील ते कोल्हापूरकर कसले. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं आणि गोळीच बंद करून टाकली. सयाजीराव मान खाली घालून ऐकत होते. वाईट वाटलं, पण काही माणसांना झापल्याशिवाय समजत नाही.

तू अशी पेशंट होऊ नकोस म्हणजे झालं. होशील तेव्हा.

वर्षा

---

कागल,
२३ सप्टेंबर २०२४

वर्षाराणी,

आज आशीर्वाद नाहीत.

शनिवारी सयाजी पत्र घेऊन आला. त्याला उंबऱ्यात बसवला, चहा दिला आणि तुझं पत्र त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं. त्याला लाज वाटावी हाच हेतू होता. मलाही झापायला आवडतं, आपलं घराणंच तसलं. गोळीपाशी आले तशी त्यानं कपबशी खाली ठेवली.

"आक्का, गोळी कुठली खातोय? पाकीट दोन दिस आदीच संपलंतं. बाईंनी इचारलंच न्हाय मला."

मग बीपी का पडलं रे? मी हटून बसले तेव्हा बोलला. त्या दिवशी सुष्मिता दुसऱ्या पेशंटजवळ होती आणि काट्यापाशी तू होतीस. तो पायताण घालूनच चढला. तू पाच पावलांवर उभी राहून आकडा वाचलास, त्याच्या पायाकडं बघितलंही नाहीस. जाताना सुष्मितानं अनवाणी वजन केलं, आकडा बघितला, मग त्याच्या पायताणाकडं बघितलं आणि तुझ्याकडं बघितलं. हा माणूस हयातभर काट्यावर गूळ तोलत आलेला. घरी जाऊन त्यानं पायताण गुळाच्या काट्यावर टाकलं. एक किलो तीनशे ग्रॅम. तेवढं चामड्याचं वजन तू त्याच्या रक्तातनं ओढून काढलंस.

मी विचारलं, तिथंच का बोलला नाहीस? तर म्हणतो, "आक्का, बाई लई मायेच्या हायेत. चुकून झालं. कशाला कुनाच्या पोटावर पाय आनायचा?"

तुला नावानं ओळखणारा माणूस पाहिजे होता ना? मिळाला बघ. त्याच्याच नावावर तू आपली चूक घातलीस.

अजून संपलं नाही. माझे कान गेले म्हणून मी आकड्याचं बीपीचं यंत्र घेतलंय, ते त्याच्या दंडाला लावलं. एकशे नव्वद. खाली एकशे दहा. डोकं दुखतंय म्हणाला. दुखणारच. तुझ्या खोट्यावर विश्वास ठेवून डॉक्टरनं त्याची गोळी बंद केली. उद्या त्याच्या मेंदूतली शीर फुटली तर ते पण रश्श्यावर घालणार का?

चूक सगळ्यांच्या हातनं होते. चौऱ्याण्णव साली माझ्या हातनं एका पोटाच्या ऑपरेशनला कापडाची घडी मोजायची चुकली. ती आत राहिल्याचं टाके घातल्यावर माझ्या लक्षात आलं. गप बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी तिथंच ओरडून सांगितलं. सर्जननं शिव्या घालत सगळे टाके उसवले, घडी निघाली, आणि तो चार महिने माझ्याशी बोलला नाही. ती बाई मात्र चालत घरी गेली. वजनकाट्याची टिंगल तुझ्याबरोबर मीही केली, तुला फूस मीच दिली. तो दोष मी घेते. गोळीचं खोटं तुझं एकटीचं.

तू कारण विचारलं होतंस ना, डायलिसिसला नाही का म्हणते? आता ऐक. मी इस्पितळात जन्म घालवला. चुका कशा झाकतात ते मला पाठ आहे. खाटेवर जो पडलेला असतो त्याच्या नावावर त्या जातात, कारण त्याला बोलायला तोंड नसतं. मला त्या खाटेवर पडायचं नाही. तुझ्याकडं बघून मन थोडं बदलत होतं, हे तुला सांगितलं नव्हतं. आता सांगण्यात अर्थ नाही.

विभागाच्या नोंदवहीत खरं लिही आणि डॉक्टरला सांग. ते होईपर्यंत माझ्या हाताबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

तानाबाई

---

कोल्हापूर,
२८ सप्टेंबर २०२४

आत्या,

मंगळवारी सकाळी सयाजीरावांनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं. देताना माझ्याकडं बघितलं नाही. मी तिथंच उभी राहून वाचलं. तेवढ्यात सुष्मितानं त्यांना काट्यावर बोलावलं. या खेपेला त्यांनी पायताण काढलं, आणि चोरीला जाऊ नये म्हणून काखेत धरून काट्यावर चढले. सुष्मिता म्हणाली, "मामा, काखेतलं बी वजनात येतंय की!" सगळी खोली हसली. मला हसता येईना.

खरं लिहिते. मंगळवारी मी काही सांगितलं नाही. त्यांचं बीपी मोजलं, वाढलेलं दिसलं, डॉक्टरांना नुसतं 'वाढलंय' म्हणाले, ते म्हणाले बघू. घरी येऊन जेवले नाही. बुधवारी सुट्टी होती, कपाट आवरलं. दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते की माणूस वाचला, आता उकरून काय मिळणार. इतकी भित्री मी आहे हे मला माहीत नव्हतं. आयसीयूत चुका करायची सवड नव्हती, का झालेल्या कुणी विचारल्या नाहीत, तेही आता सांगता येणार नाही.

गुरुवारी राउंडला डॉक्टर आले तेव्हा सांगितलं. खाटेपाशीच, कारण झापणं पण तिथंच झालं होतं. वजन मी पायताणासकट धरलं, एक किलो तीनशे जास्त ओढलं, गोळीचं मी न विचारता ठोकून दिलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आयसीयूतून आलात ना?" मी हो म्हणाले. "तिथं पेशंट काट्यावर चढत नाहीत वाटतं." हसले कुणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सयाजीरावांची गोळी लगेच चालू केली, आज त्यांचं बीपी दीडशेवर आहे. वहीत माझ्या हातानं लिहून खाली सही केली. आमचे विभागप्रमुख शशिधर सर शांतपणे म्हणाले, दोन महिने तुम्ही यंत्राला हात लावायचा नाही, सुष्मिताच्या हाताखाली नुसती वजनं घ्यायची. तर मी आता तेवीस वर्षांच्या पोरीच्या देखरेखीखाली काट्यापाशी उभी असते. पायताण, मोबाईल, कमरेची पिशवी, एका आजींच्या ओच्यातले शेंगदाणे, सगळं काढून घेते. सुष्मितानं त्या दिवशीच ओळखलं होतं. मी विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "मॅडम, पयल्या दिवशी बोललेलो की. तुमी हसलात."

सयाजीरावांची माफी मागितली. ते ओशाळले, माझ्यापेक्षा जास्त. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ओ बाई. तेवढं रश्श्याचं सांगा. एक वाटी चालतीया का?" मी अर्धी म्हणाले.

तू घातलेली अट होती म्हणून मी हे केलं, की आपणहून केलं असतं, मला माहीत नाही. आपणहून, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. तुझा हात मागत नाही. फक्त एवढंच सांगते की तू गेलीस तर मला शिव्या घालायला कुणी उरणार नाही, आणि बाबांच्यानं ते होणार नाही.

वर्षा

---

कागल,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. वर्षाराणी,

आशीर्वाद.

कौतुक करावं अशी अपेक्षा असेल तर विसर. जे पहिल्याच मिनिटाला करायचं ते तू सात दिवसांनी केलंस. पण केलंस.

शीर जोडायची तारीख घे. हात डावा. सर्जन तरणा नको आणि फार म्हाताराही नको. तुझ्या बापाला बरोबर पाठवू नकोस, तो रक्त बघून पडतो, मग मला त्याला सांभाळावं लागतं.

धोंडुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, भाचीच हाय तितं, वशिला लागंल." वशिला लागून काय होणार, सुई बोथट होणार का?

आत्या

---

कागल,
५ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणी,

अनेक आशीर्वाद. आज मोजून नाही.

हातावर बोटं ठेवली की आत घरघर लागते. तू सांगितलंस तसं रोज सकाळी बघते. कानाला ऐकू येत नाही, पण बोटांना कळतं. डाव्या हातातली काकणं काढून ठेवली, कळशी उचलत नाही, रक्तही त्या हातातनं काढू देत नाही. परवा तपासणीत एका पोरानं त्याच हाताला बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला, त्याला असा फाडला की तो जन्मात विसरणार नाही.

चार दिवस जेवण टिकत नाही. चालताना धाप लागते. डॉक्टर म्हणतो, आता थांबायला नको, गुरुवारपासून सुरू करा. मी मान हलवून आले. घरी येऊन बसले, तेव्हापासून लिहू की नको चाललंय.

वर्षे, मी छत्तीस वर्षं माणसांना टेबलावर झोपवलं. प्रत्येकाला म्हणाले, 'काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल.' माणसं रडली तर त्यांची टर उडवली. एका फौजदाराला तर मी म्हणाले होते, एवढ्या मिशा आहेत आणि सुईला भिता? सगळं थिएटर हसलं होतं. त्यातल्या एकालाही मी खरं सांगितलं नाही, कारण मला खरं माहीतच नव्हतं. माझ्या अंगावर कधी कुणी काही केलं नव्हतं.

मला भीती वाटतीय. हे दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, सयाजीला सुद्धा नाही. त्याच्या हाती देतेय म्हणून पाकीट डिंकानं चिकटवलंय.

त्या सुया मी बघितल्या. जाड आहेत. मला सिस्टरसारखं उत्तर देऊ नकोस. लई दुखतं का?

आत्या

---

कोल्हापूर,
७ जानेवारी २०२५

आत्या,

होय, दुखतं.

पहिल्या दोन्ही सुया चांगल्याच दुखतात. भूल द्यायचं मलम लावलं तरी दुखतात. नवीन शिरेत कधी कधी सुई नीट बसत नाही, मग परत टोचावं लागतं, हात काळानिळा पडतो. पहिल्या दिवशी दोनच तास ठेवतात, तरी डोकं दुखेल, मळमळेल. घरी जाताना अंगात काही उरलं नाही असं वाटेल. दुसऱ्या खेपेला थोडं कमी. महिन्याभरानं सुईची सवय होते, पण आठवड्यातनं तीनदा यायचं आहे याची होत नाही. काहीजण पहिल्या आठवड्यात रडतात. सयाजीराव रडले होते, हे त्यांनी मला आपणहून सांगितलं.

मी यंत्रावर परत आले आहे, पण नवीन शिरेत सुई घालायला माझा हात अजून तयार नाही. सुष्मिता घालेल. ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

तुला भीती वाटली तर ओरड. तिथं कुणी हसणार नाही, आणि हसलंच तर मी बघून घेते.

गुरुवारी सकाळी साडेसहाला ये. उपाशी येऊ नकोस, एक भाकरी खाऊन ये. मी दारात उभी असेन.

वर्षा